समुद्र देशाच्या कार्बन-हिशोबात कुठे बसतो, आणि कोकणातलं कांदळवन त्यात कसं मांडायचं

प्रश्न असा आहे: माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र शोषतो, मग एवढा किनारा लाभलेल्या भारताच्या राष्ट्रीय अहवालात त्याचं श्रेय का दिसत नाही? आणि त्याला जोडून दुसरा: कोकणच्या खाड्यांत वाढलेल्या कांदळवनाचा आकडा त्या अहवालात नेमका कुठे आणि कसा भरायचा?

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. हा हिशोब समुद्राने काय केलं याचा नसतो, माणसाने काय केलं याचा असतो. १९९२च्या हवामान कराराच्या कलम ४ मध्ये जंगलांबरोबर महासागरांचंही नाव शोषक म्हणून घेतलेलं आहे, पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही महासागर आहेत. पण दरवर्षीच्या हरितगृह वायू सूचीचा नियम वेगळा आहे. देशाची भूमी, आणि देशाचा अधिकार चालतो अशी सागरी क्षेत्रं, एवढ्यातच माणसाच्या कृतीने झालेलं उत्सर्जन आणि शोषण मोजायचं. खुल्या समुद्रात विरघळणारा वायू म्हणजे हवेतलं प्रमाण वाढल्यावर पाण्याने दिलेली प्रतिक्रिया. ती कुठल्या सरकारने घडवून आणलेली नाही. जमिनीवर हीच अडचण 'व्यवस्थापित जमीन' असा पट्टा आखून सोडवली आहे: त्या पट्ट्यात जे घडेल ते माणसाच्या खात्यावर. समुद्राला तशी सोय केलेली नाही, आणि न केलेलीच बरी. नाहीतर जगभर विखुरलेल्या बेटांमुळे अफाट सागरी क्षेत्र मिळालेला फ्रान्स काहीही न करता बसल्या जागी कार्बन-श्रीमंत झाला असता.

दुसरा प्रश्न मोठा आहे. त्याआधी एक गोष्ट नजरेआड होते ती सांगतो: सूचीत समुद्र आधीपासूनच आहे, फक्त 'समुद्र' अशी पाटी कुठल्याच तक्त्यावर नाही.

तो ऊर्जेच्या तक्त्यांत विखुरलेला आहे. बॉम्बे हायच्या फलाटांवर जाळून टाकलेला आणि गळालेला वायू १.बी.२ या क्रमांकाच्या तक्त्यात जातो, तिथल्या टर्बाइनचं इंधन १.ए.१.सी मध्ये. देशांतर्गत जहाजवाहतूक १.ए.३.डी मध्ये, मासेमारी १.ए.४.सी मध्ये. आंतरराष्ट्रीय फेरीच्या जहाजांना विकलेलं इंधन, म्हणजे बंकर, फक्त तळटिपेसारखं नोंदवायचं. ते देशाच्या बेरजेत धरायचं नाही.

जहाजांच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे झेंडा बघून वर्गवारी करणं. झेंड्याचा काहीही संबंध नाही. न्हावा-शेवाहून मुंद्र्याला गेलेलं जहाज पनामाचा झेंडा लावून गेलं तरी ती फेरी देशांतर्गत. न्हावा-शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदराला गेलेलं भारतीय जहाज मात्र आंतरराष्ट्रीय. मुंबई-कोची-कोलंबो अशी फेरी असेल तर मुंबई-कोची हा टप्पा देशांतर्गत आणि पुढचा आंतरराष्ट्रीय. प्रत्येक टप्पा सुटा धरायचा. एकाच टाकीतल्या इंधनावर दोन्ही टप्पे झाले तर इंधनविक्रीच्या आकड्यावरून ते सुटत नाहीत. मग बंदराच्या आवक-जावक नोंदी आणि टप्प्यांची अंतरं घेऊन विभागणी करावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

मासेमारीचा नियम याच्या उलटा आहे. तिथे देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय असा भेदच नाही. किनाऱ्यालगतची होडी असो की खोल समुद्रातला ट्रॉलर, देशात इंधन भरलं की ते देशाच्या खात्यावर, बोट परदेशी असली तरीही. खरी अडचण आकडा मिळवण्याची. विक्रीच्या आकडेवारीत बोटींचं डिझेल बऱ्याचदा किरकोळ पंपविक्रीत मिसळतं आणि तिथून रस्तेवाहतुकीच्या रकान्यात जातं. महाराष्ट्रात यांत्रिकी नौकांना मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत डिझेल कोटा आणि करपरतावा मिळतो, त्यामुळे मत्स्यव्यवसाय खात्याकडे परताव्याच्या नोंदी असतात. त्या वापरा, पण आहेत तशा नाही. परतावा न घेणाऱ्या बोटी, पेट्रोल किंवा केरोसीनवर चालणारी आउटबोर्ड इंजिनं आणि कोट्याच्या वर बाहेरून घेतलेलं डिझेल त्यात नसतं. आणि जे डिझेल मासेमारीत टाकलं ते रस्तेवाहतुकीतून वजा करायला विसरू नका, नाहीतर एकच लिटर दोनदा जळतो.

गणित सोपं आहे. एक हजार टन डिझेल म्हणजे ४३ टेराज्यूल (ऊर्जेचं एकक). एका टेराज्यूलमागे ७४.१ टन धरले की ३,१८६ टन कार्बन डायऑक्साइड. मिथेन (टेराज्यूलला ७ किलो) आणि नायट्रस ऑक्साइड (२ किलो) मिळून यात जेमतेम एका टक्क्याची भर पडते, त्यामुळे त्यांच्यावर आठवडा घालवण्यात अर्थ नाही. आठवडा घालवायचा तो एककावर. परताव्याचे आकडे किलोलिटरमध्ये येतात आणि गुणांक टनाला असतो. डिझेलची घनता ०.८३च्या आसपास असते, त्यामुळे किलोलिटरलाच टन समजलं की उत्तर वीस टक्क्यांनी फुगतं.

आता किनारा.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यासाठीची पद्धत आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ मंडळाच्या, २००६च्या मूळ मार्गदर्शिकेत नव्हती. ती २०१३च्या पाणथळ जमिनींच्या पुरवणीत आली, चौथ्या प्रकरणात. पॅरिस कराराचे अहवाल-नियम २०१८ साली पोलंडमधल्या कातोवित्सेला ठरले, त्यात २००६ची मार्गदर्शिका बंधनकारक आहे. पुरवणी वापरायला 'प्रोत्साहन' आहे, सक्ती नाही. अमेरिकेने किनारी पाणथळी २०१७च्या सूचीपासून घेतल्या. ऑस्ट्रेलियाने कांदळवनं, खारे दलदली पट्टे आणि समुद्रगवत घेतलं. जपानने २०२४ साली समुद्रगवत आणि समुद्रशैवाल मिळून सुमारे साडेतीन लाख टन शोषण दाखवलं. शैवालाची पद्धत पुरवणीत नाही, म्हणून तिथे जपानला स्वतःची पद्धत मांडून तिचं समर्थन करावं लागलं. सेशेल्सने २०२१च्या राष्ट्रीय निर्धारित योगदानात, म्हणजे पॅरिस कराराखाली देशाने स्वतः ठरवून दिलेल्या वचननाम्यात, २०३०पर्यंत सगळं समुद्रगवत आणि सगळी कांदळवनं संरक्षित करण्याचं वचन दिलं. पण वचन ही वेगळी गोष्ट आणि सूचीतला आकडा वेगळी. पॅरिस कराराखाली दर दोन वर्षांनी द्यायच्या पारदर्शकता अहवालात दोन्हींची प्रकरणं वेगळी असतात आणि तपासणारी नजरही वेगळी असते.

पुरवणीतला एक नियम पुष्कळांना पटत नाही, म्हणून तो ठासून सांगतो. पहिल्या स्तरावर, म्हणजे आयपीसीसीचे तयार गुणांक वापरताना, जे कांदळवन जसं होतं तसंच उभं आहे त्याच्या मातीतला बदल शून्य धरायचा. शून्यच. त्याच्या मातीत दरवर्षी गाळ आणि कार्बन साचतो हे खरं असलं तरी त्यात माणसाची नवी कृती नाही. हेक्टरी वर्षाला १.६२ टन कार्बन हा जो प्रसिद्ध गुणांक आहे, तो फक्त पुन्हा पाण्याखाली आणलेल्या, नव्याने लावलेल्या किंवा तयार केलेल्या कांदळवनाच्या मातीसाठी आहे.

वर्तमानपत्री लेखांत आणि बऱ्याच सादरीकरणांत काय होतं? २०२१च्या भारतीय वन स्थिती अहवालातलं देशाचं कांदळवन, ४,९९२ चौरस किलोमीटर, घेतलं जातं, १.६२ने गुणलं जातं, मग कार्बनचं कार्बन डायऑक्साइड करायला ४४ भागिले १२ने गुणून जवळपास तीस लाख टन कार्बन डायऑक्साइड दाखवलं जातं. गणित बरोबर, मांडणी चूक. आणि चूक करूनही मिळतं काय? भारताने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अद्ययावत अहवालात २०२० सालचं एकूण उत्सर्जन २९५.९ कोटी टन आहे. तीस लाख टन म्हणजे त्याचा हजारावा भाग. जंगल आणि जमिनीचं निव्वळ शोषण त्याच अहवालात ५२.२ कोटी टन आहे. कांदळवनाचं मोल किनारा राखण्यात आणि माशांच्या पैदाशीत आहे, ते सांगायला देशाचा कार्बन-ताळेबंद ही जागा नव्हे.

मग सूचीत काय जातं? बदल जातो. कांदळवन तोडून तळी खोदली, गाळ काढून धक्का बांधला, बांध घालून खाडी तोडली, किंवा बांध फुटून खाडी परत आत आली. रायगडच्या खारभूमीचा (खाडीला बांध घालून मिळवलेल्या शेतजमिनीचा, तिलाच 'खार' म्हणतात) नमुना घेऊन शेवटचा प्रकार पूर्ण सोडवून दाखवतो, कारण सगळ्या गाठी त्यातच आहेत.

समजा बांधाआड शंभर हेक्टर भातखाचरं आहेत. उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या वाटेची, दारं कुजली, दुरुस्ती रखडली, उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली आणि ती बुजवली गेली नाही. खारं पाणी रोज दोनदा आत-बाहेर करू लागलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिवरांची (कांदळवनातल्या एका झाडाची) रोपं दिसू लागली, पाचेक वर्षांत अख्खं खार हिरवं झालं. गोव्यात हेच खाजणात घडतं, फक्त तिथे उघाडीला मानस म्हणतात.

पहिला प्रश्न: बांध कुणी मुद्दाम फोडला नाही, मग ही 'माणसाची कृती' कशी? जमीन आधी शेतीची होती, म्हणजे व्यवस्थापित होती, म्हणून वापरबदल नोंदवावाच लागतो. कारण काय होतं ते सूची विचारत नाही.

दुसरा: आधीच्या अवस्थेला काय धरायचं? निचरा केलेल्या किनारी मातीसाठी पुरवणीचा गुणांक हेक्टरी वर्षाला ७.९ टन कार्बन आहे. शंभर हेक्टरला ७९० टन कार्बन, म्हणजे २,८९७ टन कार्बन डायऑक्साइड दर वर्षी. हा आकडा आधीच्या अवस्थेत टाकला की बांध फुटल्याचा 'फायदा' एकदम डोळ्यांत भरतो. मोह टाळा. कोकणातली खारं पिढ्यान्‌पिढ्या कसलेली आहेत, सहज जळणारा सेंद्रिय भाग कधीच जळून गेलेला असू शकतो, आणि पावसाळ्याचे चार महिने माती पाण्याखालीच असते. मातीचे गाभे (नळी खुपसून काढलेले उभे नमुने) काढून आधारभूत मोजमाप केलेलं नसेल तर निदान अनिश्चितता मोठी दाखवा, आणि तयार गुणांक का वापरला हे लिहा.

तिसरा: नव्या अवस्थेची माती. गुणांक तोच १.६२, म्हणजे हेक्टरी ५.९४ टन कार्बन डायऑक्साइड शोषण. पण तो खांड पडल्याच्या वर्षापासून लागू होत नाही. झाडं रुजल्यावर लागू होतो, तोवर शून्य. उपग्रहचित्रात नुसतं चमकणारं पाणी दिसतं ती वर्षं म्हणूनच वेगळी काढायची.

चौथा, आणि इथेच सगळं उलटंपालटं होऊ शकतं: मिथेन. पाण्याची क्षारता दर हजारी १८च्या वर असेल तर मिथेन शून्य. त्याखाली असेल तर हेक्टरी वर्षाला १९३.७ किलो. कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीत आणायला पॅरिसच्या नियमांनुसार मिथेनला २८ने गुणायचं, म्हणजे ५.४२ टन. माती ५.९४ घेते, मिथेन ५.४२ देतं. हातात उरतं अर्धा टन! खाडीच्या मुखाशी असलेलं खार आणि वीस किलोमीटर आतलं खार यांच्यात एवढा फरक पडतो, हिरवळ दोन्हीकडे सारखी दिसली तरी. क्षारता मे महिन्यात एकदा मोजून '३२ आली' म्हणून शून्य टाकणं ही सर्रास होणारी लबाडी आहे, पुष्कळदा नकळत होणारी. आषाढ-श्रावणात त्याच खाडीचं पाणी जवळपास गोडं असतं. निदान दर महिन्याला, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळा, मातीच्या छिद्रांतल्या पाण्याची क्षारता घ्या आणि वर्षाची सरासरी लावा.

पाचवा: लाकूड. जमिनीवरच्या वाढीला पुरवणीत दोन उष्णकटिबंधीय गुणांक आहेत, ओल्या हवामानाला हेक्टरी वर्षाला ९.९ टन कोरडं वस्तुमान आणि कोरड्याला ३.३. मुळांचं प्रमाण ओल्याला ०.४९, कोरड्याला ०.२९. कार्बनचा अंश दोन्हींना ०.४५१. कोरडा पर्याय घेतला तर ३.३ × १.२९ × ०.४५१ × ४४/१२ = हेक्टरी ७.० टन कार्बन डायऑक्साइड. ओला घेतला तर २४.४ टन. साडेतीनपट! कोकण कुठलं? पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, म्हणजे ओलं. पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि पुढे सात-आठ महिने कोरडे. तिवराच्या बुटक्या झुडपांना ९.९ लावणं धाडसाचं आहे. मोठ्या चिपी-कांदळांच्या जुन्या राईला ३.३ कमी पडेल. यावर खरा उपाय म्हणजे पाहणीच्या चौकटी आखून बुंध्याचा घेर मोजणं. ते होत नसेल तर लहान आकडा घ्या आणि कारण नोंदवा. परीक्षकांना मोठ्या आकड्याचा संशय येतो, लहान आकड्याचं कारण एका ओळीत पटतं.

सहावा मुद्दा कागदावरचा, पण डोकेदुखी खरी. सातबाऱ्यावर ही जमीन अजून भातशेतीच असते. कृषी विभागाच्या आकडेवारीत ती भाताखाली मोजली गेली असेल तर शेतीच्या प्रकरणात तिच्यावर भाताचा मिथेनही लागलेला असतो. एकाच जमिनीवर भातही आणि तिवरही. भाताखालच्या क्षेत्रातून ते शंभर हेक्टर कमी केल्याशिवाय जमिनीचा मेळ बसत नाही. आणि मेळ बसलाच पाहिजे: वन, शेती, कुरण, पाणथळ, वसाहत आणि इतर, या सहा वर्गांची बेरीज दरवर्षी तेवढीच आली पाहिजे.

मग ही शंभर हेक्टर कुठल्या तक्त्यात? हे देशाच्या वनव्याख्येवर ठरतं. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरपेक्षा मोठं आणि दहा टक्क्यांवर झाडांचं छत्र असलेलं क्षेत्र वनाच्छादनात धरतं, कांदळवनासकट. म्हणून दाट झालेलं खार 'शेतीतून वनात' म्हणजे ४.ए मध्ये जातं आणि साधारण वीस वर्षं त्या 'बदललेल्या' उपवर्गात राहतं. पाणथळीच्या ४.डी तक्त्यात मग 'आयई' हे चिन्ह टाकायचं, म्हणजे दुसरीकडे मोजलेलं आहे. हे न करता पाणथळीतही आकडा घातला की दुहेरी मोजणी होते.

चिन्हांची गल्लत इतकी होते की दोन शब्द त्यावरही. 'एनओ' म्हणजे अशी गोष्ट देशात घडतच नाही. 'एनई' म्हणजे घडते, पण मोजलेली नाही. किनाऱ्याला गाळउपसा करणारी बंदरं असताना समुद्रगवताच्या उपशाला 'एनओ' टाकणं म्हणजे धाडसी विधान झालं. मन्नारच्या आखातात, पाल्कच्या सामुद्रधुनीत, कच्छच्या आखातात, लक्षद्वीपला समुद्रगवत आहे. प्रामाणिक चिन्ह 'एनई', सोबत कारण. विकसनशील देशांना क्षमतेअभावी सवलत घेता येते, तिचं चिन्ह 'एफएक्स', पण सवलत कुठे घेतली आणि कधीपर्यंत सुधारणार हेही लिहावं लागतं.

उलट दिशेचा बदल, म्हणजे नुकसान, फार झटपट मोजलं जातं. कांदळवन उकरून तळं किंवा धक्का केला की एक मीटर खोलीपर्यंतचा मातीचा साठा उपसलेला धरायचा. खनिज मातीत तो हेक्टरी २८६ टन कार्बन, म्हणजे १,०४९ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. सेंद्रिय मातीत ४७१ टन कार्बन. पहिल्या स्तरावर हे उत्सर्जन वीस वर्षांवर पसरत नाही, उपशाच्याच वर्षात पडतं. आता वरच्या उदाहरणाशी ताडून बघा: खाऱ्या खाडीमुखाशी, लाकडाचा कोरडा गुणांक धरून, नव्या कांदळवनाचं एक हेक्टर वर्षाला माती आणि लाकूड मिळून साधारण तेरा टन घेतं. एका हेक्टराच्या उपशातली नुसती माती भरून काढायला त्याला ऐंशी वर्षं लागतील. भरपाईची रोपं लावून ताळेबंद सारखा झाला असं म्हणणाऱ्यांना हा भागाकार दाखवावा.

कोळंबीच्या तळ्यांना आणखी एक वायू चिकटतो, तो बहुतेक जण विसरतात: नायट्रस ऑक्साइड. उत्पादनाच्या दर किलोमागे ०.००१६९ किलो नायट्रोजन. हजार टन व्हेनामी कोळंबीला १,६९० किलो. इथे थांबलात तर चुकलात, कारण हा नायट्रोजनचा भार आहे, वायूचा नव्हे. ४४/२८ने गुणा, २,६५६ किलो. मग २६५ने गुणा, ७०४ टन कार्बन डायऑक्साइड-समतुल्य. तळी कितीही जुनी असली तरी हे दरवर्षी लागतं, म्हणून आंध्रसारख्या कोळंबी-राज्यात ते नगण्य राहत नाही.

एवढं सगळं ज्या पायावर उभं आहे तो पाया म्हणजे क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ सर्वांत डळमळीत आहे. महाराष्ट्राचं कांदळवन भारतीय वन स्थिती अहवालांत २०१५ साली २२२ चौरस किलोमीटर, २०१७ साली ३०४, २०१९ साली ३२०, २०२१ साली ३२४ असं दिसतं. दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटर वाढ वाचून आनंद जरूर करावा. २०१२ साली स्थापन झालेल्या राज्याच्या कांदळवन कक्षाचं काम आहे, लागवड आहे, खारांत आपोआप आलेली वाढ आहे. पण सूची करणाऱ्याने वेगळा प्रश्न विचारायचा: यातलं किती खरंच त्या दोन वर्षांत उगवलं आणि किती आधीपासून होतं पण दिसत नव्हतं? आधीचं नंतर दिसलं असेल तर ते वाढीत घालता येत नाही. मागची सगळी वर्षं नव्या नजरेने पुन्हा मोजावी लागतात आणि ती फेरगणना अहवालात उघड लिहावी लागते. नाहीतर चांगल्या दर्जाचं चित्र मिळालं की कागदावर जंगल वाढतं.

न दिसण्याची कारणं ठरलेली आहेत. साडेतेवीस मीटरचा ठिपका (पिक्सेल) असलेल्या उपग्रहचित्रात खाडीकाठची वीस मीटर रुंद तिवरांची झालर अर्धी पाण्यात मिसळते. भरतीच्या वेळचं चित्र असेल तर बुटकी झाडं बुडालेली असतात. पावसाळ्यात ढग, आणि पावसाळ्यानंतर लगेच बांधावरचं गवत तितकंच हिरवं. म्हणून दहा मीटर ठिपक्याची सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं, जानेवारी ते मार्च, आणि प्रत्येक चित्राच्या वेळेशी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक लावून फक्त ओहोटीची निवडायची. मालिकेतली सगळी वर्षं याच नियमाने. एक वर्ष ओहोटीचं आणि पुढचं भरतीचं घेतलं तर कांदळवन 'नष्ट' झाल्याची बातमी फुकट तयार होते.

मातीचे गाभे काढणार असाल तर ठराविक जागी ठेच लागते. नळी मीटरभर आत गेली पण गाभा ८८ सेंटिमीटरच भरला, तर माती दबली आहे. दोन्ही लांब्या लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. ०–१५, १५–३०, ३०–५०, ५०–१०० असे थर करा, ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. शिंपल्यांचे तुकडे वेचा आणि उरलेला चुना आम्लाने घालवा, नाहीतर शिंपल्याचा कार्बन सेंद्रिय म्हणून मोजला जातो. कोकणच्या खाडीत शिंपल्यांना तोटा नाही. मग घनता (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) × थराची जाडी (सेंटिमीटर) × कार्बनची टक्केवारी = हेक्टरी टन. घनता ०.९, जाडी १५, कार्बन २.४ टक्के असेल तर ३२.४ टन. सूत्र इतकं सरळ आहे की टक्केवारीच्या जागी ०.०२४ टाकून कार्बन शंभरपट घटवलेले तक्तेही सापडतात. एकूण बेरीज २८६च्या आसपासही नसेल तर आधी हे तपासा.

अनिश्चिततेचा रकाना रिकामा सोडू नका. क्षेत्रफळात वीस टक्के आणि गुणांकात चाळीस टक्के अनिश्चितता असेल तर दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे पंचेचाळीस टक्के. हा आकडा बघून लाज वाटण्याचं कारण नाही, या क्षेत्रात तो नेहमीचाच आहे. पाच टक्के लिहिलेलं दिसलं तरच परीक्षक पुढची पानं बारकाईने चाळतात.

राज्य पातळीवर काम करून माहिती राष्ट्रीय सूचीकडे पाठवायची असेल तर प्रत्येक तुकड्याला एक ओळ करा: हद्दीचा नकाशा, आधीचा वापर, खांड किंवा तोड झाल्याचं वर्ष, झाडं रुजल्याचं वर्ष, वर्षभराची सरासरी क्षारता आणि ती किती मोजमापांवरून काढली, मातीचा प्रकार, वरचढ झाड, चित्राची तारीख आणि त्या वेळची भरतीची पातळी, वापरलेला गुणांक, निवडीचं कारण. उत्सर्जनाचा अंतिम आकडा शेवटच्या रकान्यात, सूत्रासकट. नुसता आकडा पाठवला तर गुणांक बदलल्यावर तो टाकून द्यावा लागतो, ओळी पाठवल्या तर दहा वर्षांनीही फेरगणना करता येते. आणि जिथे रुजल्याचं वर्ष ठाऊक नाही तिथे अंदाज न ठोकता आधीच्या प्रत्येक वर्षाचं ओहोटीचं चित्र मागे मागे बघत जा. ज्या वर्षी खार पहिल्यांदा उघडं-बोडकं दिसेल, त्याच्या पुढचं वर्ष त्या रकान्यात लिहा.